भूक लागली, की खावंसं वाटलं?

या पुस्तकाची सुरुवात एका वहीपासून झाली. शंभर पानी, निळ्या पुठ्ठ्याची, शाळेतली मुलं वापरतात तशी. ती माझ्यासमोर ठेवणारे गृहस्थ व्हाइटफील्डच्या एका कंपनीत काम करतात. चाळिशीतले, मूळचे सांगलीकडचे, बंगळुरूत येऊन पंधरा वर्षं झालेली. वजन वाढलेलं, साखर सीमेवर येऊन थांबलेली. माझ्याकडे येण्याआधी त्यांनी तीन आहारतक्ते पाळले होते आणि तिन्ही वेळा उतरलेलं वजन परत आलं होतं. मी त्यांना चौथा तक्ता दिला नाही. म्हटलं, आठ दिवस नेहमीसारखंच खा. फक्त तोंडात घास घालण्याआधी वहीत एक ओळ लिहा : वेळ, पदार्थ आणि भूक होती की नव्हती.

मंगळवारचं पान असं होतं.

सकाळी ७.४०. मारतहळ्ळीच्या सिग्नलला, गाडीत, डब्यातले दोन पराठे. भूक नव्हती, नंतर वेळ मिळत नाही म्हणून.
१०.३०. इडली-वडा. भूक नव्हती, सगळे निघाले म्हणून.
१.१५. जेवण. माहीत नाही.
४.१०. कॉफी, एक मद्दूर वडा. भूक नव्हती, मीटिंग लांबली, डोकं उठलं होतं.
रात्री ८.५०. घरी पोचल्यावर उभ्याउभ्या फरसाण. खूप भूक.
९.३०. जेवण. भूक नव्हती, पण बायको थांबली होती.

दुपारच्या जेवणापुढचे ‘माहीत नाही’ हे दोन शब्द मी पुन्हा पुन्हा वाचले. सहा वेळा खाणं झालं, त्यात खरी भूक एकदाच लागली आणि तीही फरसाणाच्या डब्यावर गेली. या गृहस्थांना कॅलरी तोंडपाठ होत्या. कोणत्या डाळीत किती प्रथिनं, हे ते घडाघडा सांगत. आपल्याला आत्ता भूक आहे का, एवढं मात्र त्यांना सांगता येत नव्हतं. पुढे अशा कितीतरी वह्या मी पाहिल्या. बायकांच्या वह्यांत ‘उरलं होतं, टाकवलं नाही’ ही ओळ फार वेळा येते. विद्यार्थ्यांच्या वह्यांत ‘कंटाळा आला’ असं असतं. निवृत्त माणसांच्या वह्यांत ‘आठ वाजले’ एवढंच कारण पुरतं.

वजनाचा विषय निघाला की आपण काय खावं यावर वाद घालतो. भात की पोळी, तूप की तेल, नाचणी की ओट्स. हे प्रश्न महत्त्वाचे आहेतच, पण त्यांच्या आधीचा एक प्रश्न आपण विचारायचा सोडला आहे. मला भूक लागली आहे, की नुसतं खावंसं वाटतंय? या दोहोंतला फरक ओळखणं हे कौशल्य आहे. ते घेऊनच आपण जन्माला येतो, मोठं होताना ते बोथट होतं, आणि सराव केला तर परत येतं. या पुस्तकाला एवढंच सांगायचं आहे.

आपल्या भाषेला हा फरक फार पूर्वीपासून माहीत आहे. भूक लागणं वेगळं आणि भूक चाळवणं वेगळं. कडकडून भूक लागते तेव्हा पोटात कावळे ओरडतात आणि शिळी भाकरीही गोड लागते. ‘भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा’ ही म्हण त्या भुकेची आहे. ‘तोंडात टाकायला काहीतरी’ हवं असतं तेव्हा पोटाने काही मागितलेलं नसतं. वखवख वेगळी, खा-खा सुटणं वेगळं. अवेळी दोन बिस्किटं खाल्ली की भूकमोड होते, वेळ फार टळली की भूक मरते. ज्या शब्दांनी आपल्या आज्या स्वयंपाकघरात हे सगळं ओळखायच्या, त्या शब्दांना मी या पुस्तकात पहिली जागा दिली आहे. माझं माहेर बेळगावचं, त्यामुळे कानडी म्हणही कानावर होती : ‘ऊट बल्लवनिगे रोगविल्ल, मातु बल्लवनिगे जगळविल्ल.’ ज्याला जेवता येतं त्याला रोग नाही, ज्याला बोलता येतं त्याचं भांडण नाही. जेवणं हीसुद्धा यावी लागणारी गोष्ट आहे, हे त्या म्हणीत गृहीतच धरलेलं आहे.

शास्त्र काय सांगतं ते थोडक्यात पाहू, सविस्तर प्रकरणं पुढे आहेत. १९१२ साली हार्वर्डमध्ये वॉल्टर कॅनन यांचे सहकारी वॉशबर्न यांनी एक रबरी फुगा गिळला. तो पोटात फुगवून नळीने नोंदणीच्या यंत्राला जोडला. वॉशबर्न यांना भुकेची कळ जाणवे तेव्हा जठराच्या आकुंचनाची रेघ यंत्रावर उमटे. पोटातल्या कावळ्यांची ही पहिली लेखी नोंद म्हणायची. पुढे कळलं की जठर हा या कामातल्या अनेकांपैकी एक गडी आहे. १९९४ मध्ये लेप्टिन सापडलं. ते शरीरातल्या चरबीकडून मेंदूला साठ्याची खबर देतं. १९९९ मध्ये जपानी संशोधकांना घ्रेलिन सापडलं. ते मुख्यतः जठरातून सुटतं आणि भूक जागी करतं. नेहमीच्या जेवणाची वेळ जवळ आली की घ्रेलिन वाढतं आणि आपण जेवलो नाही तरी काही वेळाने ते आपोआप उतरतं. म्हणून भूक लाटेसारखी येते आणि ओसरते. ही एक गोष्ट कळली तरी भुकेची भीती पुष्कळ कमी होते.

तृप्तीची खबर मात्र सावकाश येते. जठर ताणलं गेलं की ती वार्ता व्हेगस नसेतून मेंदूकडे जाते. अन्न आतड्यात उतरलं की तिथून कोलेसिस्टोकायनिन, जीएलपी-१ अशी संप्रेरकं सुटतात. या सगळ्याला पंधरा-वीस मिनिटं लागतात. जो सात मिनिटांत ताट रिकामं करतो, त्याला ‘पुरे’ हा निरोप हात धुतल्यावर मिळतो.

लहान मुलांना हा निरोप स्वच्छ ऐकू येतो. अमेरिकेत बार्बरा रोल्स, लीन बर्च आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात तीन वर्षांच्या आणि पाच वर्षांच्या मुलांना तोच पदार्थ लहान, मध्यम आणि मोठ्या प्रमाणात वाढला. तीन वर्षांची मुलं ताटात कितीही असलं तरी साधारण तेवढंच खात होती. पाच वर्षांची मुलं जास्त वाढलं की जास्त खात होती. मधल्या दोन वर्षांत पोटावरचं लक्ष ताटावर गेलं होतं. हे वाचलं तेव्हा मला आपले चिऊ-काऊचे घास आठवले. मूल तोंड फिरवतं, ओठ मिटून घेतं. ‘पुरे’ म्हणण्याची त्याची तीच भाषा असते. आपण खिडकीतला काऊ दाखवतो आणि त्याचं लक्ष नसताना घास आत सरकवतो. त्यामागे माया असते, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण रोज असं झालं तर मूल शिकतं की पोट काय म्हणतं याला महत्त्व नाही, वाटी रिकामी झाली पाहिजे. आता काऊची जागा मोबाइलने घेतली आहे आणि मुलाचं लक्ष जेवणाकडे अजिबातच राहत नाही.

मोठेपणी बाकीचं काम शहर करतं. बंगळुरू हे खाण्यावर जीव असलेलं शहर आहे आणि मला ते त्यासाठी आवडतं. एमटीआर १९२४ पासून आहे, गांधी बाजारातलं विद्यार्थी भवन १९४३ पासून. १९८३ साली जयनगरात पहिली दर्शिनी उघडली आणि स्वच्छ, स्वस्त, ताजं खाणं उभ्याउभ्या मिळण्याची सोय साऱ्या शहराला झाली. कष्टकऱ्याला आणि विद्यार्थ्याला या सोयीने खरोखर आधार दिला. पण उभ्याउभ्या पाच मिनिटांत खाण्याची सवय पोटाला बोलायला वेळ देत नाही. याच शहरात कोरमंगल्यात २०१४ साली स्विगी सुरू झाली. पूर्वी खावंसं वाटणं आणि खाणं यांच्यामध्ये चप्पल घालणं, जिना उतरणं, दुकानापर्यंत चालणं एवढा वेळ असायचा. तेवढ्यात लाट ओसरून जायची. आता ते अंतर बोटाच्या एका स्पर्शाचं झालं आहे.

त्यात झोपेची भर. परदेशी वेळेनुसार चालणाऱ्या रात्रीच्या मीटिंगा आणि सकाळी आउटर रिंग रोडची गर्दी टाळायला लवकर निघणं, यांत झोप आक्रसते. शिकागो विद्यापीठात १२ निरोगी तरुणांना दोन रात्री चारच तास झोपू दिलं. दहा तासांच्या झोपेशी तुलना केली तेव्हा त्यांच्यात लेप्टिन १८ टक्क्यांनी कमी आणि घ्रेलिन २८ टक्क्यांनी जास्त आढळलं. म्हणजे जागरणानंतरची भूक खोटी नसते, पण ती झोप मागत असते आणि आपण तिला कॉफी व बन देतो. पाकीटबंद खाण्याचंही तसंच. २०१९ मध्ये केविन हॉल यांनी अमेरिकेत २० जणांना दोन आठवडे अतिप्रक्रिया केलेलं अन्न आणि दोन आठवडे साधं अन्न दिलं. दोन्हीकडे हवं तेवढं खायची मुभा होती. अतिप्रक्रिया केलेलं अन्न खाताना लोकांनी रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त घेतल्या. काही अन्नं अशी बनलेली असतात की ‘पुरे’चा निरोप त्यांच्या वेगाला गाठू शकत नाही. अशा वेळी खाणाऱ्याला हावरट म्हणणं अन्यायाचं आहे.

आणि मग घर. आपल्याकडे आग्रहाशिवाय पाहुणचार पुरा होत नाही. ‘अजून अर्धी घ्या’ म्हणत ताटात पोळी पडते, ताटावर आडवा धरलेला हात बाजूला सारून जिलबी पडते, आणि पानात टाकायचं नाही हा संस्कार आपल्याला ती संपवायला लावतो. तो संस्कार अन्नाच्या आदरातून आला आहे आणि तो टिकलाच पाहिजे. त्यासाठी ताटात कमी वाढून घ्यायचं आणि हवं तर पुन्हा मागायचं. कानडीत पंगतीत ‘साकु’ म्हणतात, आपण ‘पुरे’ म्हणतो. हा शब्द पाहुण्याच्या तोंडून आला की वाढणाऱ्याने तिथे थांबावं. अन्नाचा आणि पाहुण्याचा मान त्यानेही राखला जातो.

वजनाची काळजी आपल्याला इतरांहून अधिक का करावी लागते, याचं उत्तर पुण्यात मिळालं. के.ई.एम. रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचंच छायाचित्र छापलं. दोघांचा बॉडी मास इंडेक्स अगदी सारखा, २२.३. चरबीचं प्रमाण मात्र युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. दिसायला बारीक, आतून चरबी अधिक, अशी आपल्या लोकांची घडण आहे. म्हणूनच भारतीयांसाठी २३ च्या पुढे जादा वजन आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा धरतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या २४ टक्के स्त्रिया आणि सुमारे २३ टक्के पुरुष जादा वजनाचे किंवा लठ्ठ आढळले, कर्नाटकात हे प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपास होतं. त्या मोजणीतली सीमा २५ ची होती, आपली २३ ची सीमा लावली तर आकडा आणखी चढेल.

भुकेकडे लक्ष द्या, हा सल्ला नवा नाही. चरकसंहितेत भुकेची गणना तेरा अधारणीय वेगांमध्ये केली आहे, म्हणजे ती दाबून ठेवू नये. त्याच ग्रंथाच्या विमानस्थानात पोटाचे तीन भाग कल्पून एक घन अन्नाला, एक द्रवाला आणि एक वात-पित्त-कफाला मोकळा ठेवायला सांगितलं आहे. भूक मारायचीही नाही आणि पोट गच्च भरायचंही नाही, असा तो समतोल. आपल्या काळात महाराष्ट्रात हा विषय घरोघरी पोचवला तो नागपूरचे डॉ. श्रीकांत जिचकार यांनी आणि त्यांचं म्हणणं पुढे नेणाऱ्या डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी. दिवसातून दोनदाच, ५५ मिनिटांच्या आत जेवा, हा दीक्षितांचा नियम सगळ्यांना ठाऊक आहे. त्याआधीची पायरी मात्र लोक विसरतात : कडकडून भूक लागते त्या आपल्या दोन वेळा आधी ओळखा. ऋजुता दिवेकर यांचा मार्ग वेगळा. थोडं थोडं, स्थानिक आणि लक्ष देऊन सावकाश खा, असं त्या सांगतात. २०१८ च्या सुमारास या दोन मतांवरून मराठी घरांत खूप वाद रंगले. मला त्या वादात बाजू घ्यायची नाही. दोन्ही वाटांवर चालणाऱ्याला स्वतःची भूक ओळखता यावीच लागते.

भूक ओळखायला शिकवता येतं का, याचा शोध इटलीत फ्लॉरेन्सला मारियो चाम्पोलिनी यांनी घेतला. त्यांच्या अभ्यासातले लोक जेवणाआधी स्वतःची रक्तशर्करा किती असेल याचा अंदाज बांधत आणि मग ती मोजत. सरावाने अंदाज जवळ येऊ लागले, भुकेची पहिली जाणीव कोणती हे कळू लागलं. पुढे न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठातही अशा प्रशिक्षणावर काम झालं. हे अभ्यास छोट्या गटांवरचे आहेत, त्यांतून चमत्काराचं आश्वासन कोणी घेऊ नये. पण भूक ओळखणं सरावाने सुधारतं, एवढा भरवसा त्यांनी दिला.

आपल्या घरी यंत्राशिवाय काय करता येईल, ते या पुस्तकात पायरीपायरीने दिलं आहे. खाण्याआधी क्षणभर थांबायचं आणि पोटावर हात ठेवून विचारायचं : ही जाणीव कुठे आहे? पोटात पोकळी, हलकी गुरगुर, थोडा थकवा, कामावरून उडालेलं लक्ष, हळूहळू वाढत आलेली इच्छा ही भुकेची चिन्हं. अचानक आलेली, एकाच पदार्थाची, घशात आणि जिभेवर जाणवणारी ओढ बहुधा चाळवलेली भूक असते. इथे आपली म्हण कामाला येते. स्वतःला विचारा, आत्ता कोंड्याची भाकरी आणि डाळ चालेल का? चालेल म्हणालात, तर भूक आहे, निवांत बसून जेवा. फक्त भजीच हवी असतील, तर पाणी प्या, दहा मिनिटं चाला आणि पुन्हा विचारा. तरीही हवीशी वाटली तर दोन भजी मजेत खा, पण वहीत ओळ लिहा. जेवण निम्मं झालं की एकदा हात थांबवा. पहिल्या घासाइतकीच चव आता लागते का, ते पाहा. चव उतरायला लागणं हे ‘पुरे’चं पहिलं चिन्ह असतं. बंगळुरूची बाय-टू कॉफी ही याबाबतीत मोठी शहाणी रीत आहे : एक कॉफी दोघांत, चव पूर्ण आणि प्रमाण अर्धं.

आता काही गोष्टी अगदी स्पष्ट सांगणं माझं कर्तव्य आहे. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर एकदम उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी भुकेची वाट पाहत जेवण लांबवू नये, आधी डॉक्टरांना विचारावं. गरोदर आणि स्तनदा मातांनी, वाढत्या वयाच्या मुलांनी हा प्रयोग वजन उतरवण्यासाठी करू नये. स्टिरॉइड आणि मानसिक आजारांवरची काही औषधं भूक वाढवतात, तिथे दोष औषधाच्या परिणामाचा असतो, माणसाचा नसतो. अधाशासारखं खाऊन नंतर उलटी काढणं, दिवस दिवस उपाशी राहणं, खाल्ल्याची लाज वाटून लपवणं हे आजाराचं लक्षण आहे आणि त्यावर उपचार आहेत. मनाचा भार खाण्यातून उतरवावा लागत असेल तर टेली-मानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर विनाशुल्क बोलता येतं. या सेवेचं मुख्य केंद्र आपल्याच शहरातल्या निम्हान्समध्ये आहे.

आणखी एक. वजन उतरल्यावर भूक वाढते. २०११ मध्ये मेलबर्नच्या संशोधकांनी दाखवलं की दहा आठवड्यांच्या कडक आहाराने वजन उतरवलेल्या लोकांत भुकेची संप्रेरकं वर्षभरानंतरही मूळ पातळीवर आली नव्हती. शरीर गेलेलं वजन परत मागत राहतं. म्हणून ज्यांचं वजन परत वाढतं त्यांना आळशी किंवा कमकुवत मनाचं म्हणू नका. काहींना औषध लागेल, काहींना शस्त्रक्रिया लागेल, आणि त्यात कमीपणा नाही. २०२५ मध्ये भारतात आलेली नवी इंजेक्शनं तृप्तीचा निरोपच बाहेरून पोचवतात. ती घेणाऱ्यालाही आपली भूक ओळखावी लागते, नाहीतर खाणं इतकं कमी होतं की शरीराला प्रथिनंच पुरत नाहीत. भूक ओळखणं उपचारांच्या सोबत चालतं, त्यांची जागा घेत नाही.

निळ्या वहीच्या त्या गृहस्थांनी परवानगी दिली म्हणून त्यांचं पान इथे छापलं. चार महिन्यांनी त्यांनी दुसरी वही आणली. त्यात सकाळचे पराठे गाडीतून ऑफिसच्या टेबलावर गेले होते आणि साडेदहाची इडली गळाली होती. दुपारच्या जेवणापुढे लिहिलं होतं : ‘भूक आहे. पोट रिकामं, डोकं शांत.’ वजन थोडंच उतरलं होतं, पण ‘माहीत नाही’ हे शब्द त्या वहीत कुठेच नव्हते. मला तेच यश मोठं वाटलं.

वाचकहो, पुढचं पान उलटण्याआधी एक साधी वही घ्या. आठ दिवस काहीही बदलू नका, स्वतःला रागावू नका, फक्त प्रत्येक खाण्याआधी एक ओळ खरी लिहा. नवव्या दिवशी ती वही वाचा आणि मग या पुस्तकाच्या पहिल्या प्रकरणाकडे या.